टिस्क्वांटम : ओस गावाचा दुभाष्या

थँक्सगिव्हिंग जवळ आला की अमेरिकेतील शाळांत स्क्वांटोची गोष्ट सांगितली जाते. उपाशी इंग्रजांना मका पेरायला शिकविणारा मित्र, एवढीच त्याची ओळख उरली आहे. त्याचे खरे आयुष्य याहून फार वेगळे होते.

टिस्क्वांटम हे त्याचे नाव. आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील पटक्सेट हे त्याचे गाव, समाज वाम्पानोआग. १६०५ मध्ये तेथे आलेल्या शाम्प्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने आपल्या नकाशात किनाऱ्यावरची घरे आणि शेते दाखविली होती. १६१४ मध्ये थॉमस हंट या इंग्रज कप्तानाने टिस्क्वांटमसह सुमारे वीस जणांना पकडून स्पेनमधील मलागा येथे विक्रीस नेले. तेथून सुटून तो लंडनला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि न्यूफाउंडलंडमार्गे १६१९ मध्ये गावी परतला.

गाव ओस पडले होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने पटक्सेट संपविले होते. डिसेंबर १६२० मध्ये मेफ्लॉवरच्या प्रवाशांनी त्याच मोकळ्या शेतांवर प्लिमथ वसविले. १०२ प्रवाशांपैकी सुमारे निम्मे पहिल्या हिवाळ्यातच दगावले. मार्च १६२१ मध्ये वाम्पानोआग प्रमुख मासासॉइट याने या दुबळ्या वसाहतीशी करार केला. साथीने त्याचे बळ खचले होते आणि नरागान्सेट या प्रबळ शेजाऱ्यांचे भय होते. या मैत्रीचा दुवा ठरला टिस्क्वांटम.

साथ आली नसती तर? १६०६ मध्ये केप कॉडवर स्थानिकांशी झालेल्या चकमकीनंतर फ्रेंचांना माघार घ्यावी लागली होती. इंग्रजांचीही बहुधा तीच गत झाली असती. सुमारे सहा शतके आधी नॉर्स दर्यावर्दी न्यूफाउंडलंडला येऊन गेले होते. तो संपर्क टिकता, तर रोग कदाचित तेव्हाच आले असते. पण रिकाम्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांची रीघ त्यांच्यामागे लागलेली नसती. काही पिढ्यांत गावे पुन्हा नांदू लागली असती. पटक्सेटला ती उसंत मिळाली नाही.

टिस्क्वांटमही पुढे दोन्ही बाजूंच्या संशयात सापडला. आपल्या वजनाचा त्याने स्वार्थासाठी वापर केला, असा आरोप झाला आणि मासासॉइटने त्याचा जीव मागितला. नोव्हेंबर १६२२ मध्ये इंग्रजांसाठी धान्य मिळवून देताना, आजच्या चॅटमजवळ, तो तापाने वारला. सोळा वर्षांपूर्वी फ्रेंचांना परतविले गेले होते ते याच परिसरात.