चुकांचा हिशेब मांडणारा शल्यविशारद

रुग्णालयांच्या आजच्या मानांकनाचे मूळ बोस्टनचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट कॉडमन (१८६९-१९४०) यांच्या हट्टात आहे. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण खरोखर बरा झाला का, हे वर्षभराने तपासावे व झाला नसेल तर कारण नोंदवावे, एवढीच त्यांची मागणी! मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती सेवाज्येष्ठतेवर मिळे. त्याच्या निषेधार्थ १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ दरम्यान घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा अहवाल मांडताना त्यांनी १२३ चुकांची जाहीर कबुली दिली, तीही पदरमोड करून छापलेल्या पुस्तकात. १९१५ च्या एका सभेत त्यांनी वाळूत डोके खुपसून डॉक्टरांना सोन्याची अंडी पुरवणाऱ्या शहामृगाचे व्यंगचित्र झळकवले. श्रीमंत रुग्णांवरील हा टोला व्यवसायबंधूंना झोंबला आणि हार्वर्डमधील अध्यापनपदही गेले.

पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने किमान निकष ठरवून १०० वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. जेमतेम ८९ उत्तीर्ण झाली. नापासांत नामवंत संस्थाही होत्या. ती यादी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. निकष मात्र टिकले. कॉडमन यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ मध्ये.