सर सँडफर्ड फ्लेमिंग : जगाच्या घड्याळांचा मेळ घालणारे इंजिनिअर

परदेशातल्या मावशीला किंवा दादाला फोन लावण्याआधी घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. तिकडे आत्ता किती वाजले असतील? मग आपण बोटांवर तास मोजतो आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. ते बरोबर येतं याचं बरंचसं श्रेय एका रेल्वे इंजिनिअरला जातं. आज त्यांचीच ओळख करून घेऊ या.

सँडफर्ड फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. किशोरवयातच ते जमीन मोजणीचं काम शिकले आणि १८४५ साली, अठराव्या वर्षी, मोठ्या भावासोबत जहाजाने कॅनडाला गेले. सुरुवातीला त्यांनी नकाशे काढून पोट भरलं. कॅनडाच्या पहिल्या टपाल तिकिटाचं चित्रही त्यांचंच. १८५१ सालच्या त्या तिकिटावर राजाराणी नव्हे, तर बीव्हर हा प्राणी होता! पुढे ते रेल्वेत गेले आणि पूर्व कॅनडातल्या इंटरकॉलोनियल रेल्वेचे मुख्य इंजिनिअर झाले. पूल लाकडाचे बांधले तर स्वस्त पडतील, असं वरच्या मंडळींचं म्हणणं होतं. फ्लेमिंग यांनी मात्र लोखंडी पुलांचा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला.

आता त्या काळची अडचण समजून घ्या. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वी प्रत्येक गाव सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले असं धरायचं. त्यामुळे पूर्वेच्या गावात बारा वाजले, तरी पश्चिमेच्या गावात अजून काही मिनिटं बाकी असायची. बैलगाडीने किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला त्याने काही बिघडत नसे. पण आगगाडी आणि तारयंत्र आलं आणि सगळा गोंधळ सुरू झाला. हॅलिफॅक्सहून टोरंटोला जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत पुन्हा पुन्हा घड्याळ बदलावं लागे. वेळापत्रकात लिहिलेली वेळ नेमकी कुठली, हेच कळत नसे. आणि एकाच रुळावरून दोन गाड्या धावत असतील तर अशी चूक जिवावर बेतू शकते, बरं का!

१८७६ साली फ्लेमिंग आयर्लंडमध्ये फिरत होते. तिथल्या वेळापत्रकात सकाळच्या गाडीपुढे चुकून संध्याकाळची वेळ छापलेली होती. ते संध्याकाळी स्टेशनवर पोहोचले, पण गाडी केव्हाच निघून गेली होती. दुसरा कोणी चडफडून गप्प बसला असता. फ्लेमिंग यांनी मात्र त्यावर विचार सुरू केला. दिवसाचे तास १ ते २४ असेच का मोजू नयेत? आणि साऱ्या जगाला मिळून एकच वेळ का असू नये? १८७९ साली त्यांनी टोरंटोमध्ये आपली योजना मांडली. जगाचे १५-१५ अंशांचे २४ पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्याला एक अक्षर द्यायचं आणि सर्वांवर एक जागतिक वेळ ठेवायची, अशी ती योजना होती.

पुढच्याच वर्षी त्यांना धक्का बसला. कॅनडियन पॅसिफिक रेल्वेच्या मुख्य इंजिनिअरपदावरून त्यांना दूर करण्यात आलं. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. तरीही वेळेचं काम त्यांनी सोडलं नाही. निबंध लिहून, पत्रं पाठवून ते देशोदेशीच्या जाणकारांच्या मागे लागले. अमेरिकेत चार्ल्स डाउड नावाच्या शिक्षकांनी अशीच एक योजना आधी मांडली होती, हेही लक्षात ठेवा. अखेर १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाण वेळ सुरू केली.

१८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली. तिथे फ्लेमिंगही प्रतिनिधी होते. ग्रिनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून ठरली. वेळेचे पट्टे मात्र कोणावरही बंधनकारक झाले नाहीत. म्हणजे फ्लेमिंग यांना हवं होतं त्यातलं निम्मंच हाती लागलं. पण मग एकेक देश आपणहून प्रमाण वेळ स्वीकारत गेला.

भारतात प्रमाण वेळ १९०६ साली आली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे. ८२.५ ला १५ ने भागा, उत्तर येतं ५.५. म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे! मुंबईची जुनी वेळ यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि मुंबईकरांनी ती पुढे बरीच वर्षं सोडली नाही. आपली वेळ सोडणं कोणालाच सोपं जात नाही, हे यावरून दिसतं.

फ्लेमिंग यांना १८९७ साली सर ही पदवी मिळाली. कॅनडा ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशी समुद्राखालची तारेची केबल टाकावी म्हणूनही ते कित्येक वर्षं झटले. ती १९०२ साली पूर्ण झाली. २२ जुलै १९१५ रोजी हॅलिफॅक्स इथे त्यांचं निधन झालं.

आता हे ज्ञान वापरू या. परदेशी फोन किंवा व्यवहार करायचा असेल तर तीन गोष्टी बघा. पहिली, तो देश ग्रिनिचच्या किती तास पुढे किंवा मागे आहे. दुबई ४ तास पुढे, म्हणजे आपल्या दीड तास मागे. दुसरी, तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात का. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. तिसरी, तिथली तारीख आणि वार. आपल्याकडे सोमवारी सकाळी आठ वाजता न्यूयॉर्कला रविवारची रात्र असते, म्हणजे तिथलं ऑफिस बंदच!

सरावासाठी एक गणित देते. जपान ग्रिनिचच्या ९ तास पुढे आहे. टोकियोतलं ऑफिस सकाळी ९ वाजता उघडतं. तर तिथे पहिला फोन लावण्यासाठी तुम्हाला किती वाजता उठावं लागेल? वहीत सोडवा आणि मगच घड्याळाला गजर लावा.