समितीत एकही बाई नाही, असं होण्याची शक्यता किती? नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे

अकोल्याहून मुंबईची गाडी पकडली की भुसावळ, जळगाव करत चाळीसगाव येतं. तिथून जवळच पाटण. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती तिथल्याच शिलालेखातून मिळते.

जन्म शके १०३६, म्हणजे १११४. गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जलविड; ते नेमकं कुठलं, यावर अजून वाद आहे. गुरू म्हणजे वडील महेश्वरच. वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला, ‘लीलावती’ त्याचाच भाग. (घटिकापात्रात मोती पडून मुलीचं लग्न हुकलं ही गोष्ट फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. चटका लावते, पण पुरावा नाही.)

‘लीलावती’त विचारलंय, सहा चवींची मिश्रणं किती? दोन-दोन घेतल्या तर १५, तीन-तीन घेतल्या तर २०, एकेक धरून सगळी मिळून ६३. नियम सोपा: वर उतरते आकडे, खाली १ पासून चढते, गुणा आणि भागा. हा नियम नवव्या शतकात महावीराचार्यांनीही दिला होता. भास्कराचार्यांनी तो घराघरात समजेल असा केला.

आता तोच नियम वऱ्हाडातल्या एखाद्या गावात आणू. पाणी समितीसाठी १० नावं आली, ६ पुरुष, ४ बाया. चिठ्ठ्या टाकून तिघं निवडायचे. १० × ९ × ८ भागिले १ × २ × ३, म्हणजे १२० समित्या शक्य. तिन्ही पुरुष असलेल्या २०. म्हणजे एकही बाई नसण्याची शक्यता सहात एक. चिठ्ठ्या प्रामाणिक असल्या तरी!

किमान एक बाई हवी तर १२० मधून २० वजा, १०० समित्या. इथेच बहुतेक जण फसतात. आधी एक बाई घेतात (४ प्रकारे), मग उरलेल्या ९ मधून कोणीही दोघं (३६ प्रकारे), आणि उत्तर काढतात १४४. एकूण समित्याच १२०, मग १४४ कुठून? ज्या समितीत दोन बाया आहेत ती दोनदा मोजली गेली, तिन्ही असतील ती तीनदा.

शक्यतेचं गणित मात्र भास्कराचार्यांनी मांडलेलं नाही. ते युरोपात सतराव्या शतकात उभं राहिलं. त्यांचं शेवटपर्यंतचं काम आकाशाचंच. ‘करणकुतूहल’ लिहिला ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी. पुढे नातू चांगदेवाने १२०७ मध्ये पाटणला मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी.