सर्पगंधेचे पारखी : डॉ. रुस्तुम जाल वकील

देवासची देवीची टेकडी चढताना, किंवा धारच्या किल्ल्याची चढण चढताना, आपली छाती धडधडू लागते. हृदयाला हा हुकूम आपण दिलेला नसतो. तो आपल्या इच्छेवाचून चालणारी स्वायत्त मज्जासंस्था देते. तिच्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य पाझरते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. विसावा घेतला की तो उतरतो. परंतु कित्येकांचा तो उतरतच नाही, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णांना भरवशाचे औषध जवळजवळ नव्हते.

ही उणीव दूर करण्यासाठी झटलेल्या एका सत्पुरुषाचा परिचय विद्यार्थिमित्रांना करून द्यावा, असे आम्हांस वाटते. डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १९११ साली पारशी कुटुंबात झाला. विलायतेत उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोग्यांची सेवा करू लागले.

सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. निद्रानाशावर व उन्मादावर ती देत असत. १९३१ साली बंगालमधील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिचा गुणही नोंदविला होता. पण जगाचे तिकडे लक्ष गेले नाही. डॉ. वकिलांनी पन्नास रुग्णांना ती देऊन प्रत्येकाचा रक्तदाब चिकाटीने मोजला व १९४९ साली आपला निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. मग मात्र जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. ते मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअॅड्रेनॅलिनचा साठाच रिता करते, असे पुढे उमगले. त्यामुळे काही रुग्णांचे मन उदास होते, हेही ध्यानात आले. आज त्याहून सोयीची औषधे असल्याने ते क्वचितच देतात.

१९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक लाभले, १९५८ साली पद्मभूषण. १९७४ साली ते निवर्तले.

मुळी जुनीच होती. तिची पारख मात्र नवी होती. पूर्वजांचे ज्ञान आंधळेपणाने मानू नये, तसेच न तपासता टाकूनही देऊ नये, हा धडा आम्ही त्यांच्या चरित्रातून घेतो. बालमित्रांनो, पुढच्या वेळी टेकडी चढून गेल्यावर क्षणभर छातीवर हात ठेवा आणि या धन्वंतरीचे स्मरण करा.