पाणी नाही, रस्ता नाही, तरी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या माळावर कामगार टिकले कसे?

बारवी धरणाचं पाणी मिळतं म्हणून अंबरनाथ, बदलापूरचे कारखाने चालतात. आधी पाणी आणि रस्ते, मग कारखाना, शेवटी कामगार, हा एमआयडीसीचा आपल्या ओळखीचा क्रम. पण १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच्या अर्धशतक आधी एका माणसानं हा क्रम उलटा केला होता. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

बढती हुकली आणि नोकरी सोडली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्यानं ते स्वप्न सुटलं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथं त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. पगार चालू होता, कदर नव्हती.

माळरानावरचा कारखाना

बेळगावात त्यांनी भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. जम बसतोय तोच नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं.

१९१० मध्ये २५ कामगार कुटुंबांसह लक्ष्मणराव तिथं पोचले. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला तो माळ. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पैशाशिवाय काय दिलं?

पहिली गोष्ट, जबाबदारी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथं कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. कागदावरच्या शिक्षणापेक्षा हातातलं कौशल्य मोजलं गेलं.

दुसरी, विश्वास. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर वाडी झोपू लागली.

तिसरी, मान. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. त्या काळात ही गोष्ट कुठल्याही बोनसपेक्षा मोठी होती.

संशोधन नंतर आलं

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. तीनच वर्षांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं संशोधन पुस्तकरूपात आलं. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटशी बोलून त्यांनी मांडलं की पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो, पण कामात जीव ओततो तो जबाबदारी, कौतुक आणि काहीतरी करून दाखवल्याचं समाधान मिळालं की.

याचा अर्थ पगाराऐवजी नुसती शाबासकी द्यावी, असा नाही. पोट भरल्यावरच मानाचं मोल कळतं. पण महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून भिंतीवर फोटो लावायचा आणि साध्या निर्णयासाठीही त्याला साहेबाच्या केबिनबाहेर उभं करायचं, यातून काही साधत नाही. लक्ष्मणरावांनी पहारेकऱ्याला प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. सगळ्या वाडीची राखण त्याच्या हाती सोपवली होती.