मीराबेनची भिंत

आमचं भोरचं घर जुनं. विटा-मातीच्या दीड हात जाड भिंती. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने आजीच्या खोलीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. पुढच्या पावसाळ्यापासून भिंतीला पोपडे, खाली ओल आणि आजीला खोकला. सिव्हिलला असून मला कारण सांगता येईना! ते उमगलं मे महिन्यात, रूममेटच्या गावी वर्ध्याला गेलो तेव्हा. सेवाग्रामच्या बापूकुटीबाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र पंख्याशिवाय बसवत होतं. ही कुटी बांधून घेतली मीराबेन यांनी.

मूळ नाव मॅडलिन स्लेड. जन्म इंग्लंडमध्ये, 22 नोव्हेंबर 1892. वडील ब्रिटिश आरमारातले बडे अधिकारी. त्यांच्या नोकरीमुळे मॅडलिन मुलीच्या वयात मुंबईत राहून गेल्या, पण तेव्हा पाहिला तो साहेबी हिंदुस्थान. पुढे बीथोवनच्या संगीताचं वेड लागलं. त्यापायी त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडे पोचल्या आणि तिथे गांधीजींचं नाव कळलं. लगेच निघाल्या नाहीत हं! आधी घरीच जमिनीवर बसणं, सूत कातणं, शाकाहार यांची तयारी केली आणि मग नोव्हेंबर 1925 मध्ये साबरमतीला आल्या.

1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. याच शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. मीराबेन तिथे आधीच जाऊन राहिल्या होत्या. घराबद्दल गांधीजींची अट कडक होती: सामान आणि माणसं जवळपासची, खर्च शंभर रुपयांच्या आत. आपल्या इस्टिमेटच्या सबमिशनला असं कुणी सांगितलं तर! माती, बांबू, लाकूड, कौलं यांवर काम झालं. आजची बापूकुटी ही मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली झोपडी. गांधीजी तिथे नंतर राहायला आले. भिंतीवर ओल्या मातीत त्यांनी उठावाची ताडाची झाडं आणि चरखा काढला. तो अजून आहे.

आता आपली भाषा. जाड मातीची भिंत दुपारची उष्णता सावकाश आत सोडते. हवेतली वाफ ती पिते आणि हवा कोरडी झाली की परत देते. सिमेंट आणि ऑइलपेंटने ही वाट बुजते, पाणी आतच अडकतं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओली भिंत पावसाळ्यात गारठाच आत आणणार. आजीच्या खोलीत हेच झालं होतं.

1942 च्या आंदोलनात मीराबेन आपल्या पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. 1947 नंतर हिमालयात गोशाळा चालवली, ओक तोडून चीड वाढू देण्याविरुद्ध सरकारला कळवत राहिल्या. 1959 साली भारत सोडला आणि शेवटची वर्षं ऑस्ट्रियात, बीथोवनच्या मुलखात काढली. 20 जुलै 1982 ला तिथेच गेल्या.

दिवाळीत आम्ही सिमेंट खरवडलं. आधी पागोळ्यांना पन्हळ लावली, नाहीतर सगळं फुकट. भिंत महिनाभर वाळू दिली. मग आतून माती, शेण आणि भाताचा तूस कालवून कुजवलेला जाड लेप. तुसाने हवेचे बारीक कप्पे राहतात, तेच इन्शुलेशन. बाहेरून चुन्याचा गिलावा. तूस आमच्याच गिरणीतला, फुकट. लेप आजीने स्वतः हाताने सारखा केला, मला जमत नव्हता.