भिवंडीच्या खाडीत शिवरायांनी जहाजे कशी बांधली?
यंत्रमाग आणि गोदामांच्या भिवंडीत एकेकाळी लढाऊ जहाजे बांधली जात. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या छत्रपती शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी आरमाराचे काम सुरू केले.

खरी अडचण वाटेची होती. खाडीचे तोंड वसईला, आणि वसई पोर्तुगीजांची! म्हणून ही तयारी सिद्दीविरुद्ध असल्याचे त्यांना सांगण्यात आले. जहाजबांधणीला महाराजांनी पोर्तुगीज कारागीरही ठेवले होते. वसईच्या कप्तानाने त्यांना फितवले आणि ते पळाले. जहाजे मात्र बांधली गेलीच. १६६४ मध्ये मालवणजवळ भरसमुद्रात सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून मुंबईच्या तोंडाशी खांदेरीला तटबंदी घातली. पुढच्याच वर्षी रायगडावर महाराजांचे निधन झाले.